डोळे उघडलेली सीताफळं

प्रयोगशाळेत माझं काम टोमॅटोला उशिरा पिकायला लावण्याचं. फळ पिकवणारा वायू ज्या जनुकामुळे तयार होतो, ते आम्ही दाबून ठेवतो. पण पडेगावच्या घरी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, टोमॅटोचं काडीचं कौतुक नव्हतं. दर रविवारी त्यांचा एकच प्रश्न, "आपल्या सीताफळाचं कधी करतीस?"

कारण ताई. माझी थोरली बहीण लग्न होऊन बंगळुरूला गेली, तेव्हापासून अण्णा दर मोसमात अंगणातल्या झाडाची सीताफळं गवतात गुंडाळून ट्रॅव्हल्सनं तिला पाठवायचे. कितीही घट्ट काढली तरी पोचेपर्यंत लगदा व्हायचा. ताई लगद्याचा फोटो मला पाठवायची आणि अण्णांना फोनवर सांगायची, "लई गोड होती!" स्वतः येणं मात्र दरवर्षी पुढं ढकलायची. कधी सुट्टी नाही, कधी मुलांच्या परीक्षा. मला तिचा रागच यायचा.

यंदा अण्णांचा पाय मोडला. खोकं मी बांधते म्हटलं, तर म्हणाले, "तुला जमायचं नाय." मग ताईला व्हिडिओ कॉल लावायला सांगितला आणि फोन झाडासमोर धरायला लावला. फळावरच्या खवल्यांमधल्या फटी रुंदावून पांढुरक्या दिसायला लागल्या की आमच्याकडं म्हणतात, सीताफळानं डोळे उघडले. तसं झालं की फळ काढायचंच, ते फार दिवस टिकत नाही.

"बघ, डोळे उघडलेत," अण्णा म्हणाले. "औंदा पाठवणं काय व्हायचं नाय."

ताईनं लगेच फोन ठेवला. फळं पिकली त्या सकाळी ती बॅग घेऊन दारात उभी होती.

अण्णांच्या बाजेवर बसून तिनं एकामागून एक सीताफळं फोडली. बोटं चाटली, बिया लहानपणीसारख्या अंगणभर थुंकल्या. मग एकदम रडायलाच लागली. "अण्णा, लग्नानंतर पहिल्यांदा खातेय हो."

"व्हय, ठाऊक हाय मला," अण्णा म्हणाले आणि त्यांनी आणखी एक फळ तिच्या हातावर ठेवलं. माझा सगळा राग तिथंच विरघळला.

ती हात धुवायला आत गेली, तसं त्यांनी मला जवळ बोलावलं.

"तुझं ते काम टोमॅटोवरच चालू दे, बाई. सीताफळ महिनाभर टिकाया लागलं, तर ही म्हणल, पुढच्या महिन्यात येते."