डॉडची धुतलेली टोपली

अ‍ॅडम ब्रायडनच्या मागच्या खोलीत मासे ठेवायच्या एकतीस जुन्या टोपल्या टांगलेल्या होत्या. विलोच्या फांद्यांच्या, पोटाशी फुगीर, झाकणाला मासा आत टाकण्यापुरतं भोक आणि खांद्याला अडकवायला चामड्याचा पट्टा. स्कॉटलंडमधल्या एट्रिक नदीकाठी कुणाच्या माळ्यावर अशी टोपली निघाली की लोक त्यालाच निरोप धाडत. टोपली विकत घेतली की त्याचा शिरस्ता ठरलेला. व्हिनेगरच्या पाण्यानं मऊ ब्रशनं घासायची, खायच्या सोड्यानं वास काढायचा, सावलीत वाळवून जवसाच्या तेलाचा हात फिरवायचा. वास राहिला तर उंदीर वीण कुरतडतात, हे पहिल्याच टोपलीनं त्याला शिकवलं होतं.

फेब्रुवारीत चर्चच्या हॉलमधल्या जुन्या सामानाच्या विक्रीत त्यानं डॉड टर्नबुलची टोपली घेतली. डॉड नाताळाआधी गेला होता. त्याच्या बायकोनं, इसोबेलनं, त्याचं सगळं सामान एका दुपारी देऊन टाकलं होतं. अ‍ॅडमचा या टोपलीवर वीस वर्षं डोळा होता. दुसऱ्याच दिवशी त्यानं ती धुतली.

पुढच्या गुरुवारी इसोबेलचा फोन आला. टोपली परत नको, हे तिनं आधीच सांगून टाकलं. पण डॉडचे कोट गेले, बूट गेले, उशीचा अभ्राही बहिणीनं धुऊन टाकला.

"त्या टोपलीत तेवढा त्याचा वास उरला असेल बघ," ती म्हणाली. "रविवारी प्रार्थना झाली की येते. एकदा झाकण उघडते, बास."

ये, असं अ‍ॅडम म्हणाला. पुढचं सांगायला त्यानं तोंड उघडलं, तोवर तिनं फोन ठेवला होता.

तो दिवसातून दहा वेळा टोपलीत नाक घालू लागला. व्हिनेगर आणि तेल, दुसरं काही नाही. शुक्रवारी त्यानं तिला फोन लावला आणि पलीकडे घंटी वाजताच ठेवून दिला. शनिवारी त्याला भलतंच सुचलं. बाजारातून एक ट्राउट मासा आणला, नदीकाठचं ओलं गवत आणलं, डॉड रचायचा तसं गवतावर मासा ठेवून झाकण लावलं. तासाभरानं उघडलं तर मासळीच्या दुकानाचा वास. परक्या माणसाला डॉडचा कोट घालून खुर्चीत बसवल्यासारखं त्याला वाटलं. त्यानं मासा शेजारच्या मांजरीला टाकला आणि टोपली पुसली. आता तिला व्हिनेगर, तेल आणि दुकान, असे तीन वास येत होते. त्याला जेवण गेलं नाही.

रविवारी इसोबेल आली. अ‍ॅडमनं बॅनक, म्हणजे मनुकांचा गोड पाव, कापून लोणी लावून ठेवला होता, त्याला तिनं हात लावला नाही. त्यानं मनात चार वाक्यं घोकून ठेवली होती. त्यातलं एकच बाहेर पडलं.

"इसोबेल, मी ती धुतलीय."

टोपली मांडीवर घेऊन तिनं झाकण उघडलं आणि तोंड आत नेलं. अ‍ॅडम घड्याळाकडे बघत राहिला. सेकंदकाटा दोनदा फिरला.

"बेचाळीस वर्षं मी त्या माणसाच्या मागे लागले होते," ती टोपलीतच बोलली. "मेल्या, धू ती टोपली. घाण येते. त्यानं कधी ऐकलं नाही. ऐकणारा भेटला तो तू."

अ‍ॅडमला हसू फुटणार होतं, पण तिची हनुवटी थरथरताना दिसली आणि ते ओठांतच राहिलं. मग तो उंदरांविषयी काहीबाही सांगू लागला. तिनं मान वर केली.

"आणि हा दुकानाचा वास कुठून आला?"

त्यानं सगळं सांगितलं. मांजरीचंही.

"तळ्यात पाळलेला ट्राउट?"

"हो."

"डॉडनं तुला उचलून नदीत टाकलं असतं."

ती उठली, टोपली खांद्याला अडकवली आणि निघाली. परत नको असं तीच म्हणाली होती, पण त्याची आठवण करून देण्याचं अ‍ॅडमच्या मनातही आलं नाही. फाटकाशी ती वळून बघेल म्हणून तो दारात उभा राहिला. ती वळली नाही.

आठवडाभर त्याला झोप लागली नाही. पुढच्या रविवारी तो चर्चमध्ये वेळेआधी जाऊन बसला. इसोबेल आली, त्याच्याच बाकाशी थांबली, आणि मधे एका माणसाची जागा सोडून बसली.