बाईंचा राग आणि धानोऱ्याचा मॅनेजर

आमच्या घरमालकीणबाईंइतकं मनापासून रागावणारं माणूस मी उभ्या आयुष्यात दुसरं पाहिलेलं नाही. इतरांना राग येतो आणि जातो. बाईंचा राग मुक्कामाला असायचा. गोंडपिपरीच्या कृषी कार्यालयात माझी नेमणूक झाली, मी त्यांच्या घरातली पुढची खोली भाड्याने घेतली आणि पहिल्याच दिवशी त्या माझ्यावर रागावल्या, कारण मी दुपारी जेवले नव्हते. दुसऱ्या दिवशी जेवले, तर कमी जेवले म्हणून रागावल्या. मी सांगलीकडची. मले-तुले ऐकायची सवय नाही, त्यात हा आवाज. मला वाटलं, इथे काही आपला निभाव लागत नाही. पुढे कळलं की बाई ज्याच्यावर रागावत नाहीत, त्या माणसाने स्वतःची काळजी करावी. सकाळची बुद्धवंदना त्या इतक्या शांत, गोड आवाजात म्हणत की रस्त्याने जाणारा थबकावा. शेवटचं ‘साधु’ म्हणून झालं की तोच आवाज दुधवाल्यावर तुटून पडे. बस उशिरा आली तर त्या बसवर रागावत, आणि वेळेवर आली तर ‘आज कोन मेलं हिच्या मांगं?’ म्हणून रागावत.

त्या ग्रामीण रुग्णालयात नर्स होत्या, आता निवृत्त. गावातल्या अर्ध्या तरुण पोरांना या जगात त्यांनीच ओढून काढलं होतं, त्यामुळे त्यांना बोलायचा आपल्याला कायमचा परवाना आहे, असं त्या धरून चालत. आणि हा परवाना सगळ्यात जास्त वापरला जाई तो हॉकीच्या मैदानावर. गोंडपिपरीत हॉकी कुठून आली, असं मला सांगलीचे लोक विचारतात. बदली होऊन आलेल्या एका ड्रिलच्या मास्तरांनी ती आणली, पोरांनी धान कापल्यावर मोकळ्या झालेल्या बांध्यांत, म्हणजे भाताच्या खाचरांत, वाकड्या काठ्यांनी ती खेळायला घेतली, आणि मास्तर निघून गेले तरी हॉकी राहिली. बाई पहिल्यांदा मैदानावर गेल्या त्या कोणाची तरी फुटलेली भुवई शिवायला. शिवून झाल्यावर त्यांनी सहज उरलेला सामना पाहिला आणि जन्माच्या अडकल्या. पुढे मलमपट्टीची पेटी घेऊन त्या प्रत्येक सामन्याला कडेला बसत आणि रेफरीपासून गोलकीपरपर्यंत सगळ्यांची हजेरी घेत. आमचा एक फॉरवर्ड चेंडू घेऊन नेहमी चुकीच्या बाजूला वळे. बाई तिकडून ओरडत, “तुया मायले विचार, जन्मला तवाबी असाच उलटा आलता!” सगळं मैदान हसे, आणि तो बिचारा पुढच्या वेळी खरोखर नीट वळे.

ती फुटलेली भुवई माणिकची होती. माणिक म्हणजे गोंडपिपरीच्या संघाचा उजवीकडचा फॉरवर्ड, जवळच्या खेड्यातला, शाळेच्या वसतिगृहात राहून शिकलेला. दर रविवारी तो बाईंकडे जेवायला येई आणि बाई त्याच्यावर यथेच्छ रागावत. मी त्याला खेळताना पाहिलं ते अगदी शेवटी शेवटी, तरी चेंडू त्याच्या काठीला चिकटला की लोक बसल्या जागी उठून उभे राहत, हे मी पाहिलं आहे. मग त्याचा गुडघा गेला. संघाच्या कमिटीने सत्कार केला, शाल दिली, नारळ दिला, सचिवभाऊंनी भाषण केलं. हे सचिवभाऊ खताचे दुकानदार, मोठ्या मनाचे, पण भाषण झालं की काम झालं असं मानणारे. त्या दिवशी बाई रडल्या, आणि रडल्या म्हणून दिवसभर सगळ्यांवर रागावल्या.

आणि एका वर्षी धानकापणीच्या दिवसांत ती बातमी आली. धानोऱ्याच्या संघाचा नवा मॅनेजर माणिक. धानोरा म्हणजे काय, हे गोंडपिपरीबाहेरच्या माणसाला समजावणं कठीण आहे. दरवर्षी मार्कंड्याच्या यात्रेच्या दिवसांत तिकडच्या मैदानावर सामने होत, आणि शेवटच्या दिवशी बहुतेक वेळा आमची गाठ धानोऱ्याशीच पडे. ते जंगलातले, काटक, हरायला मुळीच तयार नसलेले. त्यांच्याशी आमचं वैर इतकं जुनं की त्याचं कारण कोणालाच आठवत नव्हतं. सलूनवाल्याने मोबाइलवर फोटो पाहिला. धानोऱ्याची हिरवी जर्सी, गळ्यात हार आणि आत आमचा माणिक. सलूनवाल्याने आरशावर लावलेला माणिकचा फोटो काढून भिंतीकडे तोंड करून ठेवला आणि रागाच्या भरात समोरच्या गिऱ्हाइकाची मिशी एका बाजूने जरा जास्तच उतरवली. अशा दिवशी मिशीचं काय घेऊन बसायचं, म्हणून त्या गिऱ्हाइकानेही तक्रार केली नाही. चहाच्या टपरीवर माणसं एकमेकांशी भांडत होती, आणि गंमत म्हणजे सगळीच एकाच बाजूची होती.

बाईंना मीच सांगितलं. त्यांनी फोटो पाहिला, मोबाइल माझ्या हातात परत दिला आणि काहीच बोलल्या नाहीत. मला त्या घरात राहून पहिल्यांदा भीती वाटली. मग स्वयंपाकघरात भांडी घासण्याचा आवाज सुरू झाला. ती भांडी आधीच घासलेली होती. संध्याकाळी पाहते तो बैठकीतल्या संघाच्या जुन्या फोटोत माणिकच्या तोंडावर मलमपट्टीची पांढरी चिकटपट्टी लावलेली. मी विचारलं, फोटोच का काढून टाकत नाही? तर म्हणाल्या, बाकीच्या पोरांनी काय गुन्हा केला? त्यानंतर धानोऱ्याकडची प्रत्येक वस्तू घरातून हद्दपार झाली. चारोळी शेजारी दिली, मधाची बाटली दिली. आठच दिवसांनी त्यांना खोकला झाला आणि शेजारीण मध घेऊन आली, तर त्या खोकत खोकत तिच्यावर रागावल्या.

गावातल्या पोरांनी बसस्टँडवर माणिकचा पुतळा जाळायचं ठरवलं. गवताचा पुतळा झाला, त्याला हिरवं फडकं गुंडाळलं, रॉकेलही आलं. बाईंना कळलं तशा त्या छत्री घेऊन निघाल्या आणि मी त्यांच्या मागे. मला वाटलं, काडी त्याच लावतात की काय. त्यांनी छत्रीने पुतळा आडवा केला आणि पोरांकडे वळल्या.

“त्याले शिव्या द्याचा हक माह्या आहे,” त्या म्हणाल्या. “तुमी कोन? त्याच्या आंगाले एक तरी टाका घातला का तुमी?”

पोरं पांगली. घरी येताना मात्र बाईंनी रस्ताभर माणिकला जे जे म्हटलं, ते ऐकून मला वाटलं, पुतळा जाळणं त्या मानाने सौम्य होतं.

यात्रेचे दिवस आले. आम्ही सगळे काळीपिवळ्या जीपगाड्या करून सामन्याला गेलो. शेवटच्या दिवशी पलीकडे धानोऱ्याच्या पोरांमध्ये पांढरी टोपी घातलेला माणिक उभा होता, थोडा लंगडत, पोरांच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी सांगत. तो असा कोणाला काही समजावताना मी पहिल्यांदाच पाहत होते. बाई सामनाभर त्याच्याकडे पाठ करून बसायचा प्रयत्न करत होत्या, पण चेंडू सारखा तिकडेच जाई. बरोबरी होती. शेवटी शेवटी आम्हाला पेनल्टी कॉर्नर मिळाला. त्यावर आमची एक खास चाल होती. मारायचा आव आणायचा आणि चेंडू हळूच डावीकडे सरकवायचा. ती चाल माणिकनेच खेळत असताना बसवलेली. आमच्या पोराने चेंडू सरकवला, तर धानोऱ्याचा गडी आधीच तिथे येऊन उभा. त्याने चेंडू उचलला तो थेट आमच्या गोलात नेऊन घातला, आणि आम्ही हरलो. आमच्या बाजूने जे काही ओरडलं गेलं ते मी इथे लिहीत नाही. मीही ओरडले होते.

सामना संपल्यावर माणिक लंगडत आमच्याकडे आला. कोणी वाट देईना. तो बाईंपुढे वाकला, तर बाईंनी पाय मागे घेतले.

“आमच्याच घरची किल्ली नेली,” त्या म्हणाल्या, “अन् आमचंच घर लुटलं तूनं.”

तो सरळ उभा राहिला. मग म्हणाला, “बाई, गुडघा गेल्यावर मी रोज ग्राउंडवर येऊन उभा राह्यत होतो. तुमी पाह्यलं आहे. कोनीच म्हटलं नाई, का माणिक, पोरायले दोन गोष्टी सांग. धानोऱ्यावाले घरी आले अन् म्हनाले, आमाले शिकव.”

“मंग मले काऊन नाई सांगतलं?”

“तुमी जाऊ देल्लं नसतं.”

“नसतंच जाऊ देल्लं,” बाई म्हणाल्या आणि पेटी उचलून चालू लागल्या.

परतीच्या काळीपिवळीत सचिवभाऊ पुढे बसले होते. चामोर्शीपर्यंत बाई गप्प. नंतर त्यांनी बोलायला जी सुरुवात केली ती आष्टीचा पूल ओलांडून गोंडपिपरी येईपर्यंत थांबली नाही. मी त्यांचे राग पुष्कळ पाहिले होते, पण त्या सगळ्या रागांत कुठेतरी वाढून ठेवलेलं ताट असे. या रागात ते नव्हतं. सचिवभाऊ मध्येच चाचरत म्हणाले की माणिकने तरी एकदा तोंड उघडून मागायचं होतं. ड्रायव्हरने गाडीचा वेग आपोआप कमी केला.

“पंगतीत बसलेल्याले भात मांगा लागला, तं लाज वाढनाऱ्याची जाते, भाऊ,” बाई म्हणाल्या. “तुमी त्याले शाल देल्ली का शालीखाली झाकून टाकलं?”

माझ्या शेजारी सलूनवाला बसला होता. तो खिडकीबाहेर नदीकडे पाहत राहिला. आम्ही सगळेच त्या मैदानावर रोज जात होतो. माणिक कडेला उभा असायचा हे सगळ्यांनी पाहिलं होतं, बाईंनीसुद्धा. त्या दिवशी त्या सगळ्यात जास्त कोणावर रागावल्या असतील, याचा मला अंदाज आहे. नंतरच्या हंगामात कमिटीने दोन जुन्या खेळाडूंना घरी जाऊन बोलावलं आणि पोरांना शिकवायला लावलं. बाईंनाही कमिटीत घ्यायचं ठरलं, तर ‘आता आठवली होय?’ म्हणून त्यांनी सचिवभाऊंना अंगणातूनच परत पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी सभेला जाऊन बसल्या.

उन्हाळ्यात एका दुपारी माणिक बायकोला घेऊन घरी आला. धानोऱ्याची वस्तू या घरात चालत नाही हे त्याच्या कानावर गेलं असावं, रिकाम्या हातांनीच आला. बाईंनी त्याच्या बायकोला जवळ बसवून घेतलं, तिची विचारपूस केली, आणि माणिककडे ढुंकूनही पाहिलं नाही. पण वांग्याची भाजी झाली, लाखोरीची डाळ झाली, आणि ताटं मांडताना त्याचंही मांडलं गेलं. जेवताना बाई त्याच्याशी माझ्यामार्फत बोलत होत्या. त्याला सांग, भात घे म्हणावं. त्याला विचार, गुडघ्याला शेक देतो की नाही. माणिक समोरच बसलेला, मी बिचारी निरोप पोहोचवायची, आणि तोही मोठ्या गंभीरपणे मलाच उत्तर द्यायचा की बाईंना सांगा, देतो. त्याची बायको पदरात तोंड लपवून हसत होती.

निघताना तो फाटकापर्यंत गेला. बाई उंबऱ्यात उभ्या होत्या, तोंड दुसरीकडे. अचानक त्यांनी हाक मारली, “ऐक.”

तो वळला.

“तुया टीमचा तो डावा हाफ आहे ना, लय पुढं धावते तो. मांगं जागा मोकळी राह्यते. त्याले आवर.”

माणिक फाटकाला हात लावून उभा राहिला. मग मान हलवून गेला. बाई घरात आल्या, खाटेवर बसल्या आणि आपण काय केलं हे त्यांच्या लक्षात आलं. गोंडपिपरीच्या कमिटीच्या सदस्य बाईंनी धानोऱ्याच्या मॅनेजरला त्याच्या संघातलं भोक दाखवलं होतं. त्या इतक्या संतापल्या की कोणावर रागावावं हे त्यांना समजेना. शेवटी माझ्यावर रागावल्या. “तू काऊन उभी होती तिथी कान देऊन? कोनाले सांगशीन नोको.” मी कोणाला सांगितलं नाही.

पुढल्या यात्रेत धानोऱ्याचा डावा हाफ सामनाभर मागे राहिला आणि आम्ही पुन्हा हरलो. बाईंनी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. त्यानंतर माझी बदली झाली. आता मी पुन्हा माझ्या मुलखात आहे. इथे ऑफिसात सगळे हळू आवाजात बोलतात, जेवलीस का म्हणून कोणी दटावत नाही, आणि सामना म्हटलं की लोक टीव्ही लावून क्रिकेट पाहतात. बाईंचे गुडघेही आता कुरकुरतात. यात्रेच्या सामन्याला त्या जात नाहीत. पोरं मोबाइलवर दाखवतात ते पाहतात आणि चित्र लहान दिसतं म्हणून मोबाइलवर रागावतात.

परवा सामन्याच्या आदल्या दिवशी मी फोन केला. नेहमीप्रमाणे आधी त्या मी इतके दिवस फोन केला नाही म्हणून रागावल्या, मग मी बारीक झाले असेन म्हणून रागावल्या. मी विचारलं, बाई, उद्या कोण जिंकणार?

“आमीच,” त्या तडकून म्हणाल्या. “जिताव तं आमीच जिताव.”

मी ‘बरं बाई, ठेवते’ म्हटलं. फोन कानावरून काढणार, इतक्यात त्या हळूच म्हणाल्या, “पन एकाच गोलानं. जास्त नोको.”