डॉक्टरला शिट्टी कशाला?

जप्त केलेला मुद्देमाल अंगात घालून मी तपासाला गेलो. फौजदाराच्या परीक्षेत असं उत्तर कुणी लिहिलं असतं, तर मी स्वतः त्याला नापास केलं असतं. पण हे मी केलंय, आणि ते विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही.

कोरोनाचा काळ. आमच्या हद्दीतल्या एका सरकारी दवाखान्यात आलेले संरक्षक सूट अंगात घालताच उसवत होते. दवाखान्यानं ठेकेदाराचं बिल अडवलं. ठेकेदार म्हणाला, "मी मंजूर नमुन्याप्रमाणे माल दिला. तो भांडारपालानं बाहेर विकला आणि हलका भरून ठेवला." त्याच दुपारी ठाण्यात एका 'हितचिंतका'चा निनावी फोन आला. त्यानंही भांडारपालाचंच नाव घेतलं. दोघं एकच गोष्ट सांगतात म्हणजे खरी असणार, असा हिशेब मी केला.

भांडारपाल निवृत्तीला टेकलेला. अटक झाली तर निलंबन, आणि पेन्शन लटकणार. मी त्याला समोर बसवलं.

"चांगला माल कुणाला विकला?"

"साहेब, जे आलं तेच वाटलं. एक सूट बी बदलला नाय."

"हर्सूलच्या जेलात आठवेल."

"तिथं गेलो तरी हेच सांगीन. आठवायला काय नवीन हाय व्हय?"

माणूस उलट बोलतो म्हणजे लपवतो, असं मला वाटे. अटकेची तयारी करायला सांगून मी वॉर्डातल्या इन्चार्ज सिस्टरचा जबाब घ्यायला निघालो. सुटाशिवाय आत सोडत नव्हते. जीपमध्ये जप्तीचं गाठोडं होतं. त्यातला एक ओढला.

हवालदार म्हणाला, "साहेब, मुद्देमाल हाय तो."

"घालून परत ठेवतो की."

सवयीनं शिट्टीची दोरीही खांद्यावरच्या पट्टीखालून ओवली आणि रुबाबात आत गेलो. बसताना सूट मागून टर्रकन फाटला. सिस्टरनं तिकडे लक्षच दिलं नाही. तिला ते रोजचं होतं. ती खांद्याकडे बघत होती.

"दोरी कुठं ओवलीत साहेब?"

"पट्टीत. पट्टी असते कशाला?"

"डॉक्टरला शिट्टी कशाला? सगळ्याच सुटांना हाय ही. आम्हाला वाटलं, थर्मामीटर अडकवायला असंल."

मी खांद्यावरची पट्टी चाचपून पाहिली. सगळी नोकरी गणवेशात गेली, त्यामुळे खांद्यावर पट्टी नसलेलं कापड मला उघडं वाटायचं. जप्ती करताना तेच सूट मी हातात धरून पाहिले होते. मंजूर नमुन्याला पट्टी नव्हती. म्हणजे हे सूट शिवणारा हात वर्दी शिवणारा होता.

कारखान्यांच्या वॉचमनच्या वर्द्या घाऊक शिवणारं एक दुकान छावणी भागात होतं. तिथल्या टेलरमास्टरनं सूट उलटापालटा केला आणि कपाळावर हात मारला.

"साब, हाथ को आदत है. कारीगराँ झपाटे में पट्टी डाल दिए."

"कपडा कुणी आणला?"

"ठेकेदार साब का मैनेजर. टेम्पो बी उनकाच. माल इधर सेच सीधा दवाखाने को गया."

टेम्पोवाल्यानं तेच सांगितलं. मॅनेजरला मास्टरसमोर उभं केल्यावर तो आधी पाणी प्याला, मग बोलला. निनावी फोनही त्याचाच, ठेकेदाराच्या सांगण्यावरून. म्हणजे दोघं नव्हतेच; एकच तोंड दोनदा बोललं होतं.

ठेकेदारावर गुन्हा दाखल झाला. फाटलेल्या मुद्देमालाबद्दल माझ्याकडून खुलासा मागवला गेला. तो लिहिताना आयुष्यात प्रथमच आरोपीची घालमेल कळली. तेव्हापासून नवीन पोरांना सांगत आलो: जे रोज अंगावर असतं ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तपासात मुद्देमाल परक्या माणसाला एकदा दाखवा.

भांडारपालाला सोडताना मी मोठ्या मनानं म्हणालो, "बघा, शेवटी आम्हीच तुम्हाला वाचवलं."

तो चप्पल घालता घालता म्हणाला, "तुमच्या सवयीनं वाचवलं, साहेब. डोक्याच्या भरवशावर राहिलो असतो, तर आज हर्सूललाच असतो."