नेम अप्पांचा, उपास आईचा

माझ्या वडिलांना, मलप्पांना, अहमदपुरात 'लिहिणारे अप्पा' म्हणतात. धंदा मिरची-हळदीचा. आठवड्याला पाच गावचे बाजार करतात आणि तरीही रोज एक पान लिहितात. एकोणीस वर्षं झाली. मागच्या दिवाळीत एका वाचनालयाने त्यांना शाल-नारळ दिला. निवेदकाने विचारलं, एवढ्या धावपळीत रोजचं लिहिणं कसं जमतं हो? अप्पा माईकपुढे वाकून म्हणाले, "मनात आणलं की जमतंय. लई अवघड न्हाई."

टाळ्या पडल्या. मी आईशेजारी पाचव्या रांगेत बसले होते. मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, बायकोला उपाशी ठेवलं की जमतं.

आम्हा लिंगायतांत इष्टलिंगाची पूजा केल्याशिवाय कुणी अन्नाला शिवत नाही. अप्पा पहाटे आंघोळ करतात, गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करतात. त्याला माझी काहीच हरकत नाही. पण एकोणीस वर्षांपूर्वी मठात कुणाचं तरी प्रवचन ऐकून आले आणि त्या नेमाला आणखी एक नेम जोडून बसले. पूजेनंतर एक पान, मगच अन्न. बरं, घरीच पहाटे लिहून मोकळं व्हावं की नाही? नाही. "काही बघितल्याबिगर लिहू काय?" म्हणून गल्लीतल्या मल्लेशच्या पिकअपमध्ये पोती टाकायची, गाव गाठायचं, कापडाचं पाल लावायचं आणि पहिली गर्दी ओसरली की पोत्याला टेकून मांडीवर वही घ्यायची. चाकूरच्या बाजारात हे दहाला उरकतं. बिलोलीला कधी एक वाजतो, कधी दोन. लिहून झालं की घरी फोन. "झालं लिहून. जेव तू."

कारण आई त्यांच्या आधी जेवत नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून नाही. अप्पांनी नेम घेतला तेव्हा तिला कुणी विचारलं नव्हतं, पण तो आपोआप तिच्याही गळ्यात पडला. शाळेत असताना मी मधल्या सुट्टीत घरी यायचे. आई मला गरम भाकरी वाढायची आणि स्वतः फोनजवळ बसून राहायची. मला घास गिळवायचा नाही. पुढे सवय झाली, गिळवायला लागला. त्याची मला अजून लाज वाटते.

चार वर्षांपूर्वी आईला शुगर निघाली. डॉक्टरांनी सांगितलं, सकाळी आठला गोळी आणि अर्ध्या तासात पोटभर जेवण. आई गोळीला एक दिवस चुकली नाही. गोळी औषध होती, ती आठला. जेवण मात्र अप्पांचा फोन आल्यावर.

मी अप्पांशी भांडले. म्हटलं, निदान आधी जेवा आणि मग काय लिहायचं ते लिहा. ते शांतपणे म्हणाले, "मी तिला उपाशी राहा म्हनलो का कवा? तिची ती राहती."

हे वाक्य मी त्यांना कधी माफ करणार नाही. ते शब्दाने खरं आहे, म्हणूनच करणार नाही.

मग मी आईकडे वळले. "जेवून घेत जा आणि फोनवर न्हाई जेवले म्हण. त्यांना काय कळतंय?"

"लिंग गळ्यात घालून खोटं बोलू व्हय?" ती माझ्यावरच चिडली.

या माघात, बिलोलीच्या बाजाराच्या दिवशी, आई स्वयंपाकघरात कोसळली. शेजारच्या दानम्मा विरजण मागायला आल्या म्हणून सापडली. त्यांचा फोन आला तशी मी चाकूरहून सासरचं सगळं टाकून धावले. दवाखान्यात शुगर पार बेचाळीसवर उतरलेली निघाली. सलाईन लावली, दुपारी चारला तिने डोळे उघडले. अप्पा दिवेलागणीला आले, खाटेपाशी उभे राहिले, "आता बरं हाय ना?" म्हणाले. घरी आणल्यावर मी माहेरीच थांबले, आठ दिवस सगळं डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे झालं. नवव्या दिवशी अप्पा बाजाराला गेले आणि बारा वाजता बघते तर आई कोरड्या ओठांनी फोनजवळ बसलेली.

माझं डोकं फिरलं. तिच्या तोंडात बळजबरीने घास कोंबले आणि अप्पांच्या कपाटातून नुकतीच भरलेली वही काढली. त्या वह्या घरात कुणी वाचत नसे. आईला तर वाचताच येत नाही. ती फक्त त्यांच्यावरची धूळ पुसायची आणि पुसून झालं की हात जोडायची.

संध्याकाळी अप्पा आल्यावर दोघांना समोर बसवलं. "आई, तू पडलीस त्या दिवशीचं वाचते," म्हटलं. अप्पा वही घ्यायला उठले. मी दिली नाही. मोठ्याने वाचलं:

"बिलोली. ऊन कडक, गिऱ्हाईक मंद. शेजारच्या पालावर एक म्हातारी बोरं घेऊन बसली होती. बोरं निवडताना तिची बोटं फार सुंदर हलत होती. आज मन प्रसन्न आहे. एक वाजून दहा मिनिटांनी लिहून झालं. घरी फोन केला, उचलला नाही. पुन्हा केला, उचलला नाही. जेवलो. शेंगाची चटणी फक्कड झाली होती."

आई अप्पांकडे वळली. म्हणाली, "मी फोन उचलला न्हाई. तरी तुमी जेवले?"

"भूक लागली व्हती गं," अप्पा म्हणाले.

"हाव," आई म्हणाली, आणि उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी कुठलाच बाजार नव्हता. अप्पा पूजा आटोपून ओसरीवर वही घेऊन बसले. आईने पूजा केली, आठला गोळी घेतली, भाकऱ्या थापल्या आणि ताट घेऊन ओसरीवरच, अगदी त्यांच्यासमोर, मांडी घालून बसली. आमटीत भाकरी कुस्करायला लागली.

"अगं, माझं व्हायचंय अजून," अप्पा म्हणाले.

"व्हऊ द्या की," ती म्हणाली आणि घास तोंडात घातला. मला हाक मारून दुसरी भाकरी मागितली. ती गरम भाकरी मी धावत नेली. अप्पांचा पेन हातातच राहिला होता, चेहरा पडला होता. आई जेवली याचा मला आनंद झाला. आणि खोटं कशाला बोलू, त्यांचा तो चेहरा बघून जास्त झाला.