दादासोंची दुसरी धून

घोडा तुम्ही ऐकलेला आहे. नावानं ओळखत नसाल, पण ऐकलेला आहे. तासगाव ते कराड या पट्ट्यात गेल्या पंचवीस वर्षांत कुणाचं लग्न झालं, गणपती बुडवला, सरपंच निवडून आला, नाहीतर एखादा फौजी रिटायर होऊन उघड्या जीपमधनं हार घालून गावात शिरला, की बेंजोवर एक धून हमखास वाजते. टाप टाप टाप करत सुरू होते आणि मग एकदम चौखूर सुटते. तो घोडा. उसाच्या ट्रॅक्टरवर तोच. रिंगटोन तोच. विश्रामबागेत एका दवाखान्यात पेशंटच्या खिशात तो वाजला आणि शेजारी प्लॅस्टर घालून बसलेल्याचा दुसरा पाय हलायला लागला, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

ही धून ज्यांनी बसवली ते दादासो आता कराडशेजारी मलकापुरात लेकाच्या फ्लॅटमध्ये राहतात. रस्त्यावर घोडा लागला की उठून खिडकी लावून घेतात.

दादासो मूळचे तासगावचे. तरुणपणी दिवसभर बेदाणा शेडवर कामाला. जाळ्यांवर द्राक्षं पसरायची, वाळली की झाडून काढायची. हंगाम सरला की शेड मोकळी, आणि त्या मोकळ्या शेडमध्ये पाच-सहा कामगारांनी मिळून उभी केली नवतारा बेंजो पार्टी. बेंजो म्हणजे तारांवर टाइपरायटरसारखी बटणं बसवलेली पेटी. एका हातानं बटणं दाबायची, दुसऱ्या हातातल्या नखीनं तारा छेडायच्या. करंट जोडला की आवाज चौकभर. शहरातल्या कॉलेजच्या पोरांना गिटारवाले असतील, आमचा हिरो बेंजोवाला. दादासो लाल शर्ट घालून गाडीवर उभे राहिले की पोरं झेंडे टाकून त्यांच्याकडं बघायची. मीही बघायचो.

"ढोलवाला आला न्हवता त्या दिवशी," घोडा कसा झाला ते दादासो सांगतात. "मग बसल्या बसल्या टाइमपास म्हणून वाजीवलं. तो टाइमपास जन्माला चिकटला बघ."

चिकटलाच. पुढं कुठंही गेले तरी लोक दुसरं काही वाजवू देईनात. दादासोंनी किती धुना बसवल्या. कुणी दोन मिनिटं ऐकून घेतलं नाही. गर्दीतनं एक आरोळी ठरलेली, "घोडा सोडा!" मग हात आपोआप त्या बटणांवर जायचा.

मी काही या पापातनं सुटलेलो नाही. माझ्या वरातीत घोड्यावर मीच सगळ्यात जास्त नाचलो. प्रांत कचेरीवर पाण्यासाठी मोर्चा काढला तेव्हा माणसं जमेनात, म्हणून मीच घोडा लावला आणि रस्ता भरला. पुढं मिरवणुकांच्या आवाजाविरुद्ध पोलिसांत अर्ज दिले, तेही मीच. ही धून एक दिवस कानावर पडली नाही तर बरं वाटतं आणि दोन दिवस पडली नाही तर चुकल्यासारखं होतं. याला काय म्हणायचं ते माझ्यासारख्या नववी नापासाला सापडलेलं नाही.

मागच्या दिवाळीनंतर कराडला काम होतं म्हणून त्यांच्याकडं गेलो. त्यांच्या बायकोनं, मंगलवहिनींनी, चहा दिला. दादासोंनी कप उचलला आणि बशी वाजायला लागली. मी बघतोय हे त्यांनी बघितलं.

"डॉक्टर म्हणतोय, वाढत जाणार," ते म्हणाले. "गोळ्यांनी जरा दमानं वाढंल, एवढंच."

"आवं, मग बेंजो?"

"नखी धरता येती अजून. सकाळच्या पारी येती. दुपारनंतर सुटती."

मग वहिनीच म्हणाल्या, "सांगा की आता त्यास्नी. गच्चीवर काय चाललंय तीन वर्षं ते."

दादासो तीन वर्षं एक नवी धून बसवत होते. गच्चीवर टाकीशेजारी बसून, करंट न जोडता, आपल्यापुरतं. ही नाचायची नाही म्हणाले. संथ आहे. मधे एक जागा आहे, तिथं सगळी वाद्यं थांबतात आणि एकटी बेंजोची तार बोलते. ती जागा बसायलाच वर्ष गेलं.

"मोबाईलवर घेतो की," मी म्हणालो. "आत्ता वाजवा."

"न्हाई. अशी उघडीबोडकी द्यायची न्हाई. ढोल पायजे, कॅसिओ पायजे, पुढं माणसं पायजेत. माणसांनी एकदा गप उभं राहून ऐकावी, नाथा. एकदाच. मग हात गेला तर जाऊ दे."

मी तिथंच शब्द देऊन बसलो. मला असं कुणी काही मागितलं की मी आधी हो म्हणतो आणि मग भांडायला कोण कोण आहे ते बघतो.

तासगावात विश्वजितला गाठला. मंडळाचा अध्यक्ष, वय अठ्ठावीस, डोळ्यावर काळा चष्मा, मोबाईलवर त्याचे बघणारे हजारांनी. दादासोंचा सत्कार, शाळेचं पटांगण, सकाळी दहाची वेळ, आणि नवी धून, असं त्याला समजावलं.

"सकाळी दहाला?" तो म्हणाला. "नाथाआप्पा, दहाला आमचं मंडळ दात घासतंय."

"तुझ्या मंडळाला तोंड धुऊन यायला सांग. दुपारनंतर त्यांचा हात चालत नाही."

तयार झाला. पटांगणाची आणि स्पीकरची परवानगी मी काढली, तिसऱ्या खेपेला मिळाली. नवताराची जुनी माणसं शोधली. ढोलवाला मिळाला, कॅसिओवाल्याचा भाचा मिळाला. मलकापुरात आठवडाभर तालीम झाली. मी एकदाही गेलो नाही, कामं होती. म्हटलं, त्या दिवशीच ऐकू, सगळ्यांबरोबर.

आता फ्लेक्स. आमच्याकडं फ्लेक्स लागल्याशिवाय वाढदिवस होत नाही, तर सत्कार कुठला होणार. मजकूर मी लिहून दिला, 'दादासो यांची नवी धून, प्रथमच'. विश्वजितनं वाचला.

"ह्याच्यावर कुत्रं यायचं न्हाई," तो म्हणाला. "रागावू नका. घोडा टाका खाली. घोडेवाले दादासो. मग बघा पटांगण."

मी वीस वर्षं माणसं गोळा करत आलोय. रिकाम्या पटांगणापुढं बोलणं काय असतं ते मला माहीत आहे. दादासोंना मोकळ्या खुर्च्यांपुढं बसवायचं नव्हतं. म्हटलं, टाक खाली, बारीक अक्षरात. छपाईवाल्यानं काय केलं असेल ते तुम्हाला कळलंच. कमानीएवढा फ्लेक्स, त्यावर उधळलेला घोडा, 'घोडा' ही अक्षरं माणसाच्या उंचीची. नवी धून खाली कोपऱ्यात, जिथं शुभेच्छुकांची नावं असतात तिथं.

पटांगण भरलं. खरंच भरलं. पोरं भिंतीवर बसली. दादासोंनी तो लाल शर्ट घातला होता, गळ्याशी सैल झालेला. हार झाले, नारळ झाला, शाल झाली. दादासोंनी माईकवर एवढंच सांगितलं, "आज दुसरं वाजीवतोय. जरा ऐका."

आणि सुरू केलं. पहिले चार-सहा सूर मी ऐकले. हलकेच होते. मग भिंतीवरनं आवाज आला, "घोडा सोडा!"

हसले लोक. मी वळून बघितलं. परत आवाज, "काका, घोडा! झोप आली!" दुसऱ्या कोपऱ्यातनं शिट्टी. माझं डोकं फिरलं. मी मंचाजवळनं निघालो ते थेट भिंतीकडं. वाटेत दोघांना दटावलं, एकाचा मोबाईल खाली करायला लावला. भिंतीवर एक पोरगं टाप टाप आवाज तोंडानं काढत होतं. त्याला कॉलर धरून खाली ओढला.

"खाली उतर. तुझ्या बापाचं लगीन आहे का इथं?"

"बापाच्या लग्नात घोडाच वाजला हुता, आप्पा!"

सगळी भिंत हसली. मी त्याला आईबहिणीवरनं काय बोललो ते इथं लिहीत नाही. त्याचे दोस्त मधे पडले, ढकलाढकली झाली, होमगार्ड धावला, तो मलाच धरायला लागला. मी त्याला परवानगीचा कागद दाखवतोय, तो म्हणतोय बाहेर चला. आणि तेवढ्यात मागनं टाप टाप टाप.

घोडा सुटला. पटांगण उठलं. भिंतीवरची पोरं उड्या टाकून आत गेली, होमगार्ड हसायला लागला. त्या पोराची कॉलर अजून माझ्या मुठीत होती आणि माझा खांदा ठेक्यावर हलत होता. मला कळलं तेव्हा मी कॉलर सोडली.

संध्याकाळी विश्वजितकडनं चित्रीकरण मागवलं. चाळीस मिनिटं होतं. सत्कार, भाषण, मग थेट घोडा.

"मधलं कुठाय?" मी फोनवर ओरडलो.

"आप्पा, लाइव बघणारी माणसं पळाय लागली हुती. म्हणून बंद केलं जरा. घोडा लागल्यावर परत लावलं. लय चाललंय बघा."

चारशे मोबाईल होते त्या पटांगणात. दहा दिवस मी दारोदार विचारत फिरलो. प्रत्येकाकडं घोडा होता. नवी धून एकाकडंही नाही.

अकराव्या दिवशी मलकापूरला गेलो. दादासो खुर्चीत बसले होते, उजवा हात डाव्या हातानं मांडीवर दाबून धरलेला. बेंजो वहिनींनी चादरीत बांधून कपाटावर ठेवला होता. परत एकदा वाजवता का, हे विचारायला मी गेलो होतो. तो हात बघितला आणि विचारलं नाही.

"भिंतीवरच्या पोराची कॉलर धरलीस म्हणं," ते म्हणाले.

"धरायलाच पाहिजे होती."

"बरं, ते जाऊ दे. तू सांग. बाकीच्यास्नी काय कळतंय. धून कशी वाटली?"

मी खोटं फारसं बोलत नाही. कलेक्टरपुढं बोललो नाही. पण त्या माणसानं असं बघितलं की म्हणालो, "लय भारी, दादासो. काटा आला अंगावर."

"आनि ती मधली जागा? तार एकटी बोलती ती?"

"तीच तर. तिथं तर डोळ्यात पाणी आलं माझ्या."

दादासोंनी माझ्याकडं बघितलं. राग नव्हता. राग असता तर मला बरं पडलं असतं, भांडता तरी आलं असतं.

"तिथवर गेलोच न्हाई मी, लेका," ते म्हणाले. "त्याच्या आधीच माझा हात घोड्यावर गेला."

मला माफी मागायची होती, पण कशाकशाची तेच ठरेना. वहिनी दोघांना चहा घेऊन आल्या. दादासोंचा कप त्यांनी अर्धाच भरला होता, सांडू नये म्हणून.