लोकरीचे मोजे

वकीलबाई नाकावर माशी बसू देत नसत. परदेशात येऊनही माशीला ती परवानगी मिळालेली नव्हती.

आश्रयासाठी त्यांनी अर्ज केला होता. मुलाखत उद्यावर आली होती. ती मुलाखत अधिकाऱ्याला पटली तर इथे राहायचं. नाही पटली तर परत जायचं, आणि तिकडे विमानतळावर वॉरंट घेऊन माणसं उभी असणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी सरावाला त्या बसल्या न्यायाधीशाच्या थाटात.

समोर त्यांची वकील होती. मोफत मदत देणाऱ्या संस्थेतली, वयाने लेकीसारखी. तिचे आईवडीलही याच वाटेने इकडे आले होते, त्यामुळे भाषेची अडचण नव्हती. खोली चिंचोळी. खिडकीखाली हीटर, हीटरवर कुणाची तरी ओली छत्री. कोपऱ्यात बाईंचे यजमान. तिकडे त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं. इथे ते ओळखपाळख नसलेल्यांच्याही चष्म्याचे स्क्रू आवळून देत.

"समजा मी अधिकारी आहे," पोरगी म्हणाली. "तुमची सनद का काढून घेतली?"

"पोलिसांनी नेलेली माणसं कुठे आहेत, एवढंच मी कोर्टात विचारत होते. उत्तर म्हणून त्यांनी आधी माझ्या ऑफिसला सील ठोकलं, मग सनद काढली, मग माझ्यावरच देशद्रोहाचा गुन्हा टाकला. कागद तुझ्यासमोर आहेत."

"छान. तेव्हा तुम्हाला भीती वाटली?"

"मला? अगं, भीती त्यांना वाटायची. माझी तारीख असली की सरकारी वकील रजा टाकायचा."

पोरीने पेन खाली ठेवलं. "मग मॅडम, इथे कशाला आलात? हवापालट करायला?"

यजमान खोकले. ते हसू होतं, हे बाईंना बरोबर कळलं.

"तुम्ही मध्ये बोलू नका."

"मी फक्त खोकलो."

"खोकलाही रेकॉर्डवर येतो."

पोरगी मात्र हसली नाही. "मॅडम, कायदा भीती विचारतो. साधार भीती. तुमच्याकडे आधार ढीगभर आहे, भीतीच सापडत नाही. आत्ता तुम्ही सरकारची बाजू लढवताय. तीही फुकट."

बाईंचा पारा चढला. मग उतरला. पोरीचं बरोबर होतं, हीच पंचाईत होती.

आयुष्यभर त्यांनी साक्षीदारांना दोनच गोष्टी शिकवल्या होत्या. पहिली, विचारलं तेवढंच सांगा. दुसरी, घाबरायचं काम त्यांचं, आपण तारखेला जायचं. या दुसऱ्या वाक्याच्या जोरावर त्यांनी एका आईला पिंजऱ्यात उभं केलं होतं. तिचा मुलगा छापखान्यात कामाला होता. बसथांब्यावरून त्याला उचललं, ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. भर कोर्टात तिने इन्स्पेक्टरकडे बोट दाखवलं. आवाज कापला नाही तिचा.

"आता मी म्हणू, की मी घाबरले होते?" बाई म्हणाल्या. "मग त्या बाईला मी काय सांगितलं? थाप मारली?"

मग कोपऱ्यातून आवाज आला.

"बोलू का?"

"बोला."

"तुझ्या पायात काय आहे?"

बाईंनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. पोरगी वाकून बघू लागली.

"लोकरीचे मोजे," यजमान पोरीला म्हणाले. "हिचे अशील कोठडीतून सुटून आले की सांगायचे, आत पहिल्यांदा पाय गारठतात. बूट काढून घेतात, मोजे राहू देतात. ऑफिसला सील लागलं त्या दिवसापासून ही रोज हे मोजे घालते. ऐन उन्हाळ्यात, घामाच्या धारा लागलेल्या असताना कोर्टात हे मोजे! मी विचारलं तर म्हणायची, पाय गार पडतात. मीही मान डोलवायचो."

"ती सावधगिरी होती," बाई म्हणाल्या.

"सावधगिरीला वास येत नाही. मोज्यांना यायचा."

आता पोरीला हसू आवरेना. बाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की ते आवरलं.

"आणि ते विणून कोणी दिले?" यजमानांचा आवाज खाली आला. "त्या आईनेच ना? साक्षीच्या आधी. म्हणाली होती, बाई, लागतील तुम्हाला. तू कुणाला थाप मारणार गं? तुझी भीती तिला आधीच कळली होती. आणि कळूनही ती पिंजऱ्यात चढली."

बाईंनी पाय खुर्चीखालून पुन्हा पुढे घेतले. मग म्हणाल्या, "पोरी, पेन उचल. पहिल्यापासून विचार."

दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्याने सगळे कागद पाहिले. शेजारी दुभाषी बसला होता. अखेर तो प्रश्न आलाच.

"तुम्हाला भीती वाटत होती?"

"हो."

अधिकारी थांबला. बाईही थांबल्या. विचारलं तेवढं सांगून झालं होतं.

"कशावरून?" अधिकाऱ्याने विचारलं.

प्रश्न चोख होता. बाईंना तो आवडला. उलटतपासणीत त्यांनी स्वतः हाच विचारला असता. त्यांनी खुर्ची मागे सरकवली, वाकून बुटाची नाडी सोडली, आणि सांगायला सुरुवात केली. दुभाष्याची सांगता सांगता तारांबळ उडाली.

बाहेर यजमान येरझाऱ्या घालत होते. "काय झालं?"

"साक्षीदार टिकला," बाई म्हणाल्या.

मंजुरीला वेळ लागला, पण ती आली. त्या दिवशी बाईंनी मोजे धुतले आणि हीटरवर वाळत टाकले. दुसरा जोड पायात घातला नाही. तशाच अनवाणी जाऊन त्यांनी फोन लावला. पलीकडे ती आई होती.

बाईंनी स्वतःची बातमी एका वाक्यात उरकली.

"ते राहू दे," त्या म्हणाल्या. "तुझी पुढची तारीख कधी आहे?"