पालखी खाली न ठेवता

गावकीच्या बैठकीत बाहेरच्याने बोलायचं नसतं. मी उभा राहिलो.

"सर, बसा," गावकीचे प्रमुख, गावकार म्हणाले. "माफी पोरीने मागायची आहे."

"वाक्य माझं आहे. बसू कसा?"

वैशाली देवळाच्या दारात उभी होती. ती माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी. मी रत्नागिरीत तत्त्वज्ञान शिकवायचो, तिचा गाईड होतो. तिचा विषय सोपा करून सांगतो. कन्फ्यूशियन विचार म्हणतो, माणसं रीतीभातींतून एकमेकांची होतात: कुणी कुणाला वाट द्यायची, कुणी कुठे उभं राहायचं. अमेरिकन प्रॅग्मॅटिस्ट म्हणतात, समाज आयता मिळत नाही. ज्यांना झळ बसते त्या सगळ्यांनी एकत्र बसून, करून बघून, चुकलं तर सुधारून तो घडवायचा. या दोघांना वैशालीने पावसजवळच्या आपल्याच गावात, शिमग्याच्या पालखीपुढे आणून बसवलं. ग्रामदेवतेची पालखी इथे मानाप्रमाणे घरोघर जाते. खालच्या वाडीत मात्र जात नाही.

तिने लिहिलं होतं, 'सगळ्या दारांत न जाणारी पालखी अख्ख्या गावाची कशी होईल?' मी गाईडच्या तोऱ्यात प्रश्न खोडून विधान केलं: 'ती पालखी गावाची नव्हे.' सेमिनारमध्ये तिने ते वाचलं आणि गावात बोंब झाली. प्रिन्सिपॉल म्हणाले, "गप्प राहा, आपोआप निवेल." मी राहिलो. त्या शिमग्यात तिची आई ओटीचं तबक घेऊन उभी होती. पालखी अंगणावरून पुढे गेली. माफी मागितली नाही, तर यंदाही तेच होणार होतं.

"मग माफी तुम्ही मागा," गावकार म्हणाले.

"वैशालीची मागतो. तुमची नाही."

"मास्तरांना बाहेर काढा रे!" मागून कुणीतरी ओरडलं.

"जातो. एकच सांगा. पालखी नाचवताना पाय चुकला, तर पालखी खाली ठेवता?"

"खाली कशाला? पाय बदलतो," एक म्हातारे खांदेकरी म्हणाले.

"तिच्या प्रबंधात तेवढंच आहे. पालखी खाली ठेवा, असं कुठेही नाही. माझं वाक्य माझ्या माथी मारा."

गावकार हसले नाहीत. "सर, तुमाला बोलाया दिला नाय, तरी तुमी एवढा बोललाव."

शिमग्यात पालखी वैशालीच्या अंगणात थांबली. आईने ओटी भरली. खालच्या वाडीत ती अजून गेलेली नाही. वैशाली दर बैठकीला जाऊन विचारते, तिच्याच शब्दांत.

मला पालखीला न येण्याचा निरोप आहे. पाळतोय. शिक्षा निदान वाक्याच्या मालकाला मिळाली. वाक्य मी मागे घेतलेलं नाही. फक्त तिच्या प्रबंधातून काढून घेतलं, आणि खोडलेला प्रश्न परत जागेवर ठेवला.